थेंब कुठून येतो?

(पडदा काळा. फक्त आवाज: टप्. थोड्या वेळानं पुन्हा, टप्.)

दर दहा-बारा सेकंदांनी एक. आम्ही घड्याळ लावून मोजलं.

(भिंतीवरचा बॉयलर. खाली बादली.)

पंचवीस लिटरचा, विजेवर चालणारा घरगुती बॉयलर. कुणी याला गिझर म्हणतं. खालच्या झाकणाच्या कडेला एक थेंब फुगतो, लोंबतो, सुटतो. घरातल्यांचा निकाल लागून गेलाय: टाकी फुटली, नवीन आणा. मेकॅनिककाका अजून काहीच बोललेले नाहीत. ते पिशवीतून टिश्यू पेपर काढतायत.

आमचा कॅमेरा लागेपर्यंत त्यांचं एक काम होऊन गेलं होतं, म्हणून ते इथं दिसणार नाही. त्यांनी बॉयलरची एमसीबी खाली पाडली आणि वीज खरोखर बंद झाल्याची मल्टीमीटरनं खात्री केली. गळकं पाणी आणि विजेच्या तारा एकाच झाकणाआड असतात. हा माहितीपट पाहून कुणी पाना हातात घेणार असेल, तर सुरुवात तिथून.

(हात. कोरड्या फडक्यानं एकेक पाईप पुसला जातो. प्रत्येक सांध्यावर टिश्यूचा पट्टा.)

थेंब पडतो एका जागी, निघतो दुसऱ्याच जागेवरून. पाणी पाईपला धरून खाली येतं, पत्र्याच्या कडेनं वळतं आणि सगळ्यांत खालचा बिंदू सापडला की तिथून उडी मारतं. टाकी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये उष्णता धरून ठेवणारा फोम असतो. तोही पाणी पितो आणि दुसऱ्याच टोकाला नेऊन सोडतो. म्हणून आधी सगळं कोरडं करायचं, प्रत्येक सांध्याला कागद बांधायचा आणि वाट पाहायची. कुठला कागद आधी भिजतो ते बघायचं. काकांच्या अख्ख्या पिशवीतलं सर्वांत भरवशाचं हत्यार हेच, असं आमचं मत झालं.

(गार पाण्याचा पाईप. कागद कोरडा. गरम पाण्याचा पाईप. कोरडा.)

पहिला संशय होता तो या पाईपांच्या नटांवर. टेफ्लॉन टेप सैल पडली की तिथून पाझर लागतो, आणि दुरुस्ती दहा मिनिटांची असते. फक्त टेप नट फिरवायच्या दिशेनंच गुंडाळावी लागते, उलटी गुंडाळली तर नट चढताना ती उलगडत जाते. इथं मात्र दोन्ही कागद कोरडे निघाले.

(सेफ्टी व्हॉल्व्ह. पितळी अंगावर कोरलेलं: 8 बार.)

आता हा. गार पाणी आत येतं त्या वाटेवर बसलेला हा लहानसा व्हॉल्व्ह. याच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून इथं जरा थांबू. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेलं, तर ते साधारण पावणेचारशे मिलिलिटरनं वाढतं. टाकी भरलेली, नळ बंद आणि मागच्या वाटेवर उलट न जाऊ देणारी झडप. हे वाढलेलं पाणी जाणार कुठं? दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत, इथं 8 बारपर्यंत, चढला की व्हॉल्व्ह उघडतो आणि थेंब थेंब सोडतो. पाणी तापत असताना याच्या नळीतून थेंब आले तर तो बिघाड नाही, तो आपलं काम करतोय. बॉयलर गार असतानाही सतत ठिबकत असेल तर मात्र आत कचरा किंवा क्षार अडकलाय, नाहीतर मुळात लाईनमध्येच दाब जास्त आहे.

ठिबकतंय म्हणून या नळीला बूच ठोकणारे लोक आहेत. त्या टाकीचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा खटका, तोही अडकला, तर ती फुटू शकते. पुढे जाऊ.

(खालचं झाकण उघडतं. तारा. मधोमध फ्लँज, म्हणजे टाकीचं तोंड बंद करणारी गोल चकती, सहा बोल्ट. एका बोल्टभोवती तांबडा ओघळ.)

कॅमेरामनच्या आधी काकांनी पाहिला: ‘हा बघा.’

बोल्टखाली गंजाचा ओघळ आणि त्याच्या कडेला पांढऱ्या क्षाराची बारीक किनार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. म्हणजे ही गळती कालपरवाची नाही. घरातल्यांनी पुरवलेली माहितीही जुळली: पहाटे बॉयलर गार असताना जास्त गळतं, तापला की कमी होतं. फ्लँजखालच्या गॅस्केटचं, म्हणजे फट बुजवणाऱ्या कड्याचं, रबर कडक झालं की असं होऊ शकतं. तापल्यावर सगळं फुगून फट बुजते, गार झालं की पुन्हा उघडते. व्हॉल्व्हच्या अगदी उलट चाल.

(नळीतून बादलीत पाणी. आधी स्वच्छ, मग पिवळट, मग चहासारखं. शेवटी पांढरे खडे.)

टाकी रिकामी करताना गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा लागतो. आत हवा गेली नाही तर पाणी बाहेर येत नाही. हे शेवटचे खडे तेवढे नीट पाहा. पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापला की त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे चुनखडी. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. चुनखडीचं उलटं आहे, ती गरम पाण्यातच बाहेर पडते आणि सर्वांत गरम जागी जाऊन बसते. ती जागा म्हणजे पाणी तापवणारी कॉइल.

(फ्लँज बाहेर येतो. कॉइल दिसत नाही, तिच्या जागी पांढरा, खडबडीत गोळा. शेजारी एक काळपट तार.)

तुमची नजर त्या गोळ्यावर गेली असेल. आमचीही तिथंच गेली होती. काकांनी बोट ठेवलं ते शेजारच्या तारेवर. ही तार एकेकाळी बोटाएवढी जाड मॅग्नेशियमची कांडी होती. तिला ॲनोड म्हणतात.

टाकी पोलादाची. तिला आतून काचेसारख्या इनॅमलचा थर दिलेला असतो, आठशे अंशांहून जास्त तापमानाला भाजून चढवलेला. पण तो थर कुठंही शंभर टक्के अखंड नसतो, सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच, आणि तेवढी जागा गंजाला पुरते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजणारा धातू. दोघं एकाच पाण्यात, एकमेकांना जोडलेले असले की झीज मॅग्नेशियमच्या वाट्याला येते आणि लोखंड वाचतं.

(कांडीचा क्लोजअप: नवी आणि जुनी, शेजारी शेजारी.)

ही युक्ती बॉयलरपेक्षा खूप जुनी आहे. 1824 साली रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी ती ब्रिटिश आरमाराला सुचवली. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असायचा आणि समुद्राचं पाणी तो खायचं. डेव्हींनी त्याला लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. गंमत अशी, की झिजणाऱ्या तांब्याचं विष होतं म्हणूनच शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटत नव्हते. तांबं वाचलं तसे ते चिकटू लागले, जहाजं मंदावली आणि आरमारानं तो नाद सोडला. बॉयलरमध्ये शिंपल्यांची भीती नाही.

इतकं महत्त्वाचं काम करणारी ही कांडी झिजण्यासाठीच बनवलेली असते. पण ती तपासायची असते, हे बॉयलर विकताना कुणी आवर्जून सांगत नाही. पाणी क्षारयुक्त असेल तर वर्षाकाठी एकदा तरी फ्लँज उघडून ती पाहायला हवी. कांडी संपली की पाळी टाकीची.

(टॉर्चचा उजेड टाकीच्या तोंडातून आत. निळसर इनॅमल, एका जागी तपकिरी डाग.)

इथं सगळ्यांचे श्वास थांबले होते. टाकीलाच छिद्र पडलं असेल तर दुरुस्ती नाही. वेल्डिंग केलं तर त्या उष्णतेनं भोवतालचं इनॅमल तडकतं आणि गळती काही दिवसांत शेजारून सुरू होते. काकांनी डागावर बोट घासलं. डाग पुसला गेला. वरून ओघळलेला गंजाचा गाळ होता तो.

(बोट. तपकिरी. हसू.)

(कॉइल सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात. फेस.)

हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. थर सैल होतो, सोलून निघतो. हातोडीनं ठोकून तो काढायचा नाही, कारण कॉइलच्या नळीला चीर पडली की पाणी आतल्या पांढऱ्या पावडरीत शिरतं आणि वीज बाहेर येते. साफ झाल्यावर काकांनी मल्टीमीटर लावला. दोन हजार वॉटच्या, 230 व्होल्टच्या कॉइलचा रोध सुमारे 26 ओहम यायला हवा, आणि टोकापासून नळीच्या अंगापर्यंत अजिबात जोड दिसता कामा नये. दोन्ही ठीक निघालं.

(नवं गॅस्केट. नवी कांडी. बोल्ट.)

बोल्ट ओळीनं आवळत नाहीत. एक आवळला की त्याच्या समोरचा, थोडा थोडा, फेऱ्या करत. नाहीतर गॅस्केट एका बाजूला दबतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. मग आधी पाणी. गरम नळातून हवा फुरफुरत निघून गेली, सलग धार लागली, तेव्हाच वीज. कोरडी कॉइल चालू झाली तर बघता बघता जळून जाते.

(कागदाचे नवे पट्टे. रात्र. दिवा बंद.)

(सकाळ. बॉयलर चालू, लाल दिवा. कॅमेरा एकेका सांध्यावरून सरकतो.)

गार पाण्याचा नट, कोरडा. गरम पाण्याचा नट, कोरडा. फ्लँज, कोरडा.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीखालचा कागद ओला आहे. तो तसाच राहू दे, म्हणाले काका, आणि पिशवी उचलली.