दिऱ्हम की रुपये?

(दृश्य: दुबईतलं देरा. दुकानाच्या काउंटरवर कार्डाचं मशीन.)

बिल झालंय 1,000 दिऱ्हमचं. मुंबईहून आलेल्या ताईंनी कार्ड लावलं आणि मशीनच्या पडद्यावर प्रश्न आला : पैसे दिऱ्हममध्ये देणार की रुपयांत? रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडेच वळतं.

ताई, जरा थांबा.

दिऱ्हम निवडले, तर दुकानाची बँक ही रक्कम व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे पाठवते. तिथे नेटवर्कच्या दराने तिचे रुपये होतात. हा दर चलनाच्या घाऊक बाजारातल्या दराच्या बराच जवळ असतो आणि दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येतो. समजा, तो एका दिऱ्हमला 23 रुपये आहे. झाले 23,000. त्यावर आपल्या बँकेचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या व्यवहारावर ती घेते ते जादा शुल्क. भारतातल्या बऱ्याच कार्डांवर तो 3.5 टक्के असतो, म्हणजे 805 रुपये. त्या 805 वर 18 टक्के जीएसटी, 144 रुपये 90 पैसे. सगळे मिळून 23,949 रुपये 90 पैसे.

(दृश्य: मशीनचा पडदा जवळून. दोन रकमा, दोन बटणं.)

आता रुपयांचं बटण. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. इथे दर ठरवते दुकानाची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी, आणि स्वतःचा नफा त्या दरातच धरते. दुकानदारालाही त्यातला वाटा मिळू शकतो. समजा, दर लागला 24 रुपये 50 पैसे. झाले 24,500. बिल रुपयांत असलं तरी व्यवहार परदेशातलाच, म्हणून अनेक भारतीय बँका त्यावर साधारण 1 टक्का शुल्क आणि जीएसटी घेतात. आणखी 289 रुपये. त्याच खरेदीला आठशेहून जास्त रुपये जादा गेले, आणि बदल्यात मिळालं काय? फक्त ओळखीचं चलन.

काही ठिकाणी विक्रेता न विचारताच रुपये निवडून मोकळा होतो. हे चुकीचं आहे. कार्ड नेटवर्कच्या नियमांनुसार ही निवड कार्डधारकाची. पिन टाकण्याआधी पडद्यावरचं चलन बघा, रुपये दिसले तर व्यवहार रद्द करायला सांगा. संकोच करू नका, पैसे आपले आहेत.

दिऱ्हम निवडूनही मोबाइलवर आलेला रुपयांचा आकडा अंतिम असेलच असं नाही. व्यवहार पक्का व्हायला दोन-तीन दिवस लागू शकतात आणि दर नेटवर्ककडे व्यवहार पोहोचतो त्या दिवसाचा लागू शकतो. दिऱ्हम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे इथे फरक पडतो तो मुख्यतः डॉलरपुढे रुपया हलल्याचा.

वस्तू परत केली, तर मात्र दोन्हीकडून फटका बसू शकतो. परतावा त्या वेळच्या दराने होतो, आणि आधी कापलेला मार्कअप परत मिळेलच असं नाही. म्हणून मोठी खरेदी करायची असेल, तर आपल्या कार्डाचा मार्कअप किती हे निघण्यापूर्वीच बँकेला विचारून घ्या. काही कार्डांवर तो शून्य असतो.