तंबाखूच्या वखारीतलं नाक आणि वाईनची बाटली

नमस्कार मंडळी. निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर, बेळगाव आणि तिकडं विजापूरपर्यंत जे कोण ऐकालेत त्या सगळ्यांना नमस्कार. आज विषय जरा वेगळा घेतलाय, वाईनचा. लगेच रेडिओ बंद करू नका ओ. प्या म्हणून सांगायला मी आलो न्हाई, जे घेत न्हाईत त्यांनी नव्यानं सुरू करायचं काय कारण न्हाई, पण आपल्या अथणी-तिकोट्याच्या पट्ट्यात एवढी द्राक्षं पिकतात, बेदाणा देशभर जातोय, आणि वाईन म्हटलं की आपल्याला गोव्याची पोर्ट सोडून दुसरं काय ठाऊक नसतंय, हे मला लई दिवस खटकालंय.

आमचे आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत होते. माल आला की चिमूटभर पान तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ वखारीत कुणी बोलायचं न्हाई. मग सांगायचे, ह्याला शेवटी पाऊस लागलाय, हा नीट सुकायच्या आधी बांधलाय, हा चांगला हाय पण ह्यात दुसऱ्या रानाचा माल मिसळलाय. शेतकरी आधी नाय नाय म्हणायचा आणि मग हळूच हसायचा. पुढं लई वर्षांनी मी पहिल्यांदा वाईन चाखणारी माणसं बघितली, ग्लास फिरवतात, नाक आत घालतात, डोळे मिटतात, आणि मला एकदम आप्पाच आठवले. म्हटलं हे तर आपल्या घरचं काम हाय, ह्यात कोट घालून बसायसारखं काय हाय?

आता गंमत बगा. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'वाइन्स' लिवलेलं असतंय आणि आत गेलं की चारी बाजूंनी व्हिस्की, रम, बिअर. वाईन मागितली तर तो पोरगा आधी तुमच्याकडं बघतोय, मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरनं धूळ बसलेली बाटली काढतोय. असल्याच एका दुकानातनं मी एकदा चांगली बाराशे रुपयांची लाल वाईन घेतली होती. बाटली शोकेसमधी उभी, दुपारचं ऊन थेट तिच्यावर, एप्रिलचा महिना. घरी उघडली तर वास शिजवलेल्या मनुकांचा आणि चव सपाट, जीव गेलेली. वाईन करणाऱ्याची काय चूक न्हवती, पण शिव्या त्यालाच बसल्या. तवापासनं माझा पहिला नियम असा की बाटलीवरचं नाव वाचायच्या आधी ती ठेवलीय कुठं ते बगायचं. ऊन लागलेली, ट्यूबलाईटला चिकटलेली, बुचाच्या कडंनं पाझरलेली असली तर फुकट दिली तरी नको.

पोर्टचं सांगतो. चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलेला आपला माणूस परत येताना पोर्ट आणणारच, आणि आणताना परमिटचं विचारून घ्या, राज्य बदललं की कायदा बदलतोय. खरी पोर्ट पोर्तुगालातल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षाचा रस आंबत असताना मधीच त्यात ब्रँडीसारखी कडक दारू ओततात, यीस्ट मरतंय, साखर शिल्लक राहती, म्हणून ती गोड आणि वर १९-२० टक्क्यांची. आपण स्वस्तात आणतो ती बहुतेक वेळा गोड केलेली साधी लाल वाईन असती. आवडती तर प्या की, माझी हरकत न्हाई. पण गोड हाय म्हंजे चांगली, आणि आंबट-तुरट लागली म्हंजे खराब, ही जी समजूत तिनं लावलीय ती आधी काढून टाका.

माझ्या मामाची अथणी तालुक्यात चार एकर बाग. मामाला मी म्हटलं, तुझ्या थॉम्सन द्राक्षाची वाईन करूया की. मामा हसला. खायच्या द्राक्षाला आपण जीए नावाच्या वाढीच्या औषधात डिप करतो, मणी फुगवतो, साल पातळ, बी न्हाई, पाणी जास्त. वाईनच्या द्राक्षाचं सगळं उलटं: मणी बारका, साल जाड, आत बिया, आणि घड बाजारात मांडला तर कोण घेणार न्हाई असला. पण लाल वाईनचा रंग सालीतनं येतोय, तुरटपणा साल आणि बियांतनं येतोय, वासबी बराचसा सालीतच. खायचं द्राक्ष १८ ब्रिक्सला, म्हंजे रसात साधारण १८ टक्के साखर असताना, खुडलं तरी चालतंय, वाईनला २२ ते २४ लागतंय, कारण तीच साखर पुढं दारू होती. आणि आपल्या उन्हात अडचण अशी की साखर भराभर चढती आणि आंबटपणा तेवढाच भराभर उतरतोय, म्हणून जाणती माणसं पहाटेच्या गारव्यात खुडतात. छाटणी मात्र आपल्यासारखीच दोनदा, एप्रिलला खरड आणि पावसाळा सरला की फळछाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चमधी. युरोपातला वेल थंडीत झोपतोय, आपला झोपतच न्हाई, त्याला आपण छाटून छाटून वर्षाचं वेळापत्रक लावून देतो.

हे ध्यानात घेतलं की छोट्या, घरच्या वायनरीचं महत्त्व का हाय ते कळतंय. छाटणी कवा करायची, घड किती ठेवायचे आणि किती पाडायचे, खुडायचं आज का चार दिवसांनी, हे ज्याचं रान हाय त्यानंच ठरवलं आणि वाईनबी त्यानंच केली तर चुकीला दोष द्यायला दुसरा कोण न्हाई. फ्रान्सात शॅम्पेनच्या बाटलीवर अगदी बारीक अक्षरात दोन अक्षरं असतात. आर एम असलं तर स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतः वाईन करणारा, एन एम असलं तर द्राक्षं विकत घेऊन करणारी कंपनी. मोठी नावाजलेली घराणी बहुतेक एन एमच, आणि ती वाईट असतात असं मी म्हणालो न्हाई. जर्मन बाटलीवर 'वाईनगूट' दिसलं तर ती स्वतःची बाग असलेली वायनरी. इटलीत अंतिनोरी म्हणून घराणं हाय, १३८५ पासनं वाईनच्या धंद्यात, २६ पिढ्या झाल्या. आपल्याकडं तिसऱ्या पिढीत बांधावरनं कोर्टात जातोय आपण.

लांब कशाला, अकलूजला फ्रातेल्ली वायनरी हाय. फ्रातेल्ली म्हंजे इटालियनमधी भाऊ. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू एकत्र आले, पिएरो मासी नावाचा तिकडचा वाईनमेकर आणला. त्यांची सेत्ते म्हणून लाल वाईन हाय, सेत्ते म्हंजे सात. आता ते काय लहान राहिले न्हाईत म्हणा. आपल्या कर्नाटकात हंपीच्या डोंगरांत कृष्मा वायनरी हाय, मॅरेथॉन धावणाऱ्या चिगुरुपाटी नवरा-बायकोची, त्यांची कॅबर्ने, म्हंजे त्या नावाच्या द्राक्षाची लाल वाईन, मिळाली तर सोडू नका. सरकारनंबी काय काय केलं, महाराष्ट्रानं २००१ ला धोरण आणलं, पलूसला वाईन पार्क काढला, कर्नाटकानं २००७ ला धोरण आणलं. तेवढं पुरे, ते भाषण दुसऱ्या कुणाचं.

पण एक सांगतो, छोटी वायनरी म्हंजे चांगलीच असं धरून चालू नका. घरच्या लोणच्याला बुरशी येतच न्हाई काय? छोट्या ठिकाणी एखादं पिंप नासलं तरी ओतून द्यायचा जीव होत न्हाई आणि तेच बाटलीत भरलं जातंय. म्हणून नाक. व्हिनेगरचा वास, नखपॉलिश काढायच्या लिक्विडचा वास, ओल्या पोत्याचा नाहीतर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, ह्यातलं काय आलं तर ती वाईन बिघडलेली. पोत्याचा वास बुचातनं लागतोय, दोष मोठ्यातल्या मोठ्या घराण्याच्या बाटलीतबी निघतोय. फिरकीच्या झाकणाला ती भानगड फार करून न्हाई, तवा फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका.

चाखायचं कसं? ग्लास तिसरा हिस्साच भरा, दांड्याला धरा, पांढऱ्या कापडासमोर रंग बगा. हलवायच्या आधी एकदा वास, हलवून एकदा वास. आणि वासाला नाव द्यायला फ्रेंच शब्द शोधू नका, आपल्या स्वयंपाकघरात सगळे हायत. कॅबर्नेमधी कधी कधी ढब्बू मिरचीचा वास येतोय, तो खराच, दोन्हीत एकाच जातीचं द्रव्य हाय. शिराझ ह्या दुसऱ्या लाल वाईनमधी मिऱ्याचा येतोय, तेबी खरं, रोटंडोन नावाचं द्रव्य दोन्हीकडं सापडतंय. सोव्हिन्याँ ब्लाँ ह्या पांढऱ्या वाईनमधी पेरू, कापलेलं गवत, हिरवी मिरची. मग घोट, लगेच गिळायचा न्हाई, तोंडभर फिरवायचा. गालातनं पाणी सुटलं, कैरी खाल्ल्यासारखं, तर तो आंबटपणा, आणि तो पाहिजेच, त्याच्याशिवाय वाईन मेलेली. हिरड्या आवळल्या, जांभूळ खाल्ल्यासारख्या, तर तो तुरटपणा. ह्या दोघांच्या मधी फळाची चव दाबली जाती का टिकती, एवढंच बगायचं. आणि गिळल्यावर मनात आकडे मोजा. पानाचा विडा चांगला असला की चव कशी रेंगाळती, तसं. तीन आकड्यांत संपली तर साधी, दहा-बारापर्यंत राहिली तर त्या माणसाचं नाव लिहून ठेवा.

चाखणारे पट्टीचे लोक घोट थुंकतात बरं का, दिवसाला पन्नास बाटल्या चाखायच्या तर दुसरं करणार काय. थुंकायच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायची गरज न्हाई.

घेताना माझी पद्धत अशी. पांढरी वाईन असली तर बाटलीवरचं वर्ष ताजं बगायचं, जुनी म्हंजे भारी हे आपल्या नेहमीच्या पांढऱ्या वाईनला लागू न्हाई, वर्ष-दोन वर्षांत प्यावी. लाल थोडी थांबली तर चालती. 'रिझर्व्ह' शब्दाला भुलायचं न्हाई, स्पेनमधी लाल रिझर्वाला कायदा हाय, किमान ३ वर्षं आणि त्यातलं १ वर्ष तरी लाकडी पिंपात, पण लई देशांत तो शब्द कुणीबी छापतोय. बाटली जड, तळाला खोल खड्डा, त्यानंबी काय होत न्हाई, काचेचे पैसे तुम्हीच देता. एकाच द्राक्षाच्या दोन बाटल्या घ्या, एक मोठ्या कंपनीची, एक छोट्या घरची, तीन-चार जणांत वर्गणी काढा, दोन्ही पेपरात गुंडाळा आणि न बघता चाखा. आमच्या बैठकीत दोनदा स्वस्तातली जिंकली. एकदा आमचे एक स्नेही, आधी लई बोलत होते, पांढरी आणि लाल सोडून बाकी सगळं चुकले. तवापासनं ते नेमके बैठकीच्या दिवशी बेळगावला कामाला जातात.

जेवणाचं म्हणाल तर आपला झणझणीत रस्सा आणि तुरट कडक लाल वाईन जमत न्हाई, तिखट आणखी पेटतंय. तिखटाला थोडी गोडसर, गार शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन बरी. सुक्या मटणाला, तिखट हात राखून केलं असलं तर, शिराझ छान. आणि बेळगावचा कुंदा वाईनबरोबर खाऊ नका, कुंदा वाईनपेक्षा गोड, मग वाईन कडू लागती, दोन्ही वाया. लाल वाईन आपल्या उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमधी ठेवूनच उघडा, रूम टेंपरेचरला प्या म्हणतात ते १६-१८ डिग्रीच्या रूमचं बोलतात, तुमच्या-माझ्या पत्र्याच्या खोलीचं न्हाई.

शेवटचं सांगतो. इटलीत वेरोनाच्या बाजूला आमारोने नावाची वाईन करतात. द्राक्षं खुडून लगेच पिळत न्हाईत, शेडमधी जाळ्यांवर पसरून तीन-चार महिने सुकवतात, वजन तिसऱ्या हिश्श्यानं नाहीतर त्याहून जास्त घटतंय, आणि त्या अर्ध्या बेदाण्याची वाईन, १५ टक्क्यांच्या आसपास. मामाची बेदाण्याची शेड तशीच, फक्त आपण डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेट मारून पंधरा दिवसांत माल काढतो. भाचा परदेशातनं एक बाटली घेऊन आला होता, ती मामाच्या घरी उघडली. मामानं घोट घेतला आणि गप्प बसला. मामी घेत न्हाई, तिला नुसता ग्लास दिला. तिनं वास घेतला, परत घेतला, आणि म्हणाली, अरं ही तर आपली शेड, बाराव्या-तेराव्या दिवशी सकाळी दार उघडल्यावर येतोय तसला वास. मामा म्हणाला मग एक घोट घे की. तिनं ग्लास खाली ठेवला आणि कानडीत म्हणाली, साकु. पुरे.