काळा रंग शेवटी

श्रोतेहो, नमस्कार.

जाहिरातीच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे मी श्रद्धेविषयी बोलू लागलो की समोरच्याच्या चेहऱ्यावर बारीक हसू उमटते, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. मी स्वतः देव मानतो. देवाच्या नावावर माल खपवण्याचे कामही मी केले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करायच्या, तर मर्यादा कोठे आखायची, एवढेच मला आज सांगायचे आहे.

देव आणि जाहिरात यांची ओळख आपल्याकडे जुनी आहे. 1894 मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, अशांच्याही भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती येऊ शकल्या. ही मोठी गोष्ट होती. पुढे देवादिकांच्या अशाच चित्रांखाली साबणांची नावे छापली जाऊ लागली. तेव्हापासून आमचा व्यवसाय देवाला भाडे न देता त्याच्या घरात राहतो आहे.

आता छापखान्यातली गोष्ट सांगतो. मी या व्यवसायात नवा होतो आणि एका अगरबत्तीच्या खोक्याचे काम माझ्याकडे आले होते. खोक्यावर गणपती. छपाई चार रंगांची, पण यंत्र एकरंगी; म्हणजे तोच कागद चार वेळा यंत्रातून जाणार, आधी पिवळा, मग लाल, मग निळा आणि शेवटी काळा. रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत बरेच कागद वाया जातात, आणि पहिल्या तीन रंगांना त्या दिवशी तसे ते गेलेही. सोंडेला दुहेरी कड आली, मुकुट कपाळावरून सरकला. मशीनमनने ते कागद मुकाट्याने रद्दीत टाकले. काळ्या प्लेटच्या वेळी मात्र त्याने दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचे जुने कागद घेतले, त्यांवर शाई आणि दाब जमवला, आणि आमचे बाराच कागद खर्ची घालून यंत्र सुरू केले.

"एवढ्यात काळा बसेल?" मी विचारले.

"बसवायला पाहिजे, साहेब. काळा येईपर्यंत तो कागद असतो. डोळे काळ्यात आहेत. डोळे उघडल्यावर रद्दीत कसा टाकू?"

ते बारा कागद त्याने घडी न घालता गुंडाळले आणि कपाटावर ठेवले. अनंत चतुर्दशीला तो ते विसर्जनाला नेणार होता. डोळे काळ्यात आहेत, हे मला, चित्र मंजूर करणाऱ्याला, तोपर्यंत ठाऊक नव्हते.

मग मी खोके हातात घेऊन पाहिले. उघडण्याची रेघ गणपतीच्या कपाळावरून गेली होती. बारा कागद टाकताना ज्याचा हात थांबला, त्याच माणसाकडून मी साठ हजार खोकी छापून घेत होतो, आणि त्यांतले प्रत्येक खोके गिऱ्हाईक देवाचे कपाळ फाडूनच उघडणार होते. मी क्लायंटकडे गेलो. गृहस्थ इतके सश्रद्ध की पूजा आटोपेपर्यंत त्यांनी मला तासभर बसवून ठेवले. पूजेनंतर म्हणाले, "देव काढला तर दुकानदार माल पुढे मांडणार नाही." अखेर देव राहिला, फक्त उघडण्याची रेघ मागच्या बाजूला गेली. नव्या डायचा, म्हणजे खोके कापण्याच्या साच्याचा, खर्च माझ्या बिलातून कापला गेला. मशीनमनला मी हे अभिमानाने सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "आणि खोकं संपल्यावर?"

कायद्याचे थोडक्यात सांगतो. 'रामायण' हे नाव अगरबत्तीचा ट्रेडमार्क म्हणून कोणा एकाला मिळणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला. ताईत, मंत्र किंवा कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. दैवी शक्तीचा दावा करून ताईतासारखी यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतात, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये म्हटले. श्रद्धावंताला अगरबत्ती विकणे वेगळे आणि त्याच्या भीतीला यंत्र विकणे वेगळे. पुन्हा सांगतो, ही दोन कामे वेगळी आहेत, आणि दुसरे काम मी दोनदा परत पाठवले आहे. पण खोके संपल्यावर काय, याविषयी मला कोणत्याही कायद्यात काही सापडले नाही.

जाता जाता, गणेशोत्सवात चौकातले फलक पाहा. कोपऱ्यात टिकलीएवढा गणपती आणि मधोमध हात जोडलेले शुभेच्छुक. अशा फलकांवर शुभेच्छुकांचे चेहरे छापू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या धंद्याला नावे ठेवणारे लोक त्याखालून रोज जातात आणि त्यांना काही खटकत नाही.

सध्या माझ्या टेबलावर पुन्हा एका अगरबत्तीचे खोके आहे. बाहेर केवळ जास्वंदीचे फूल आणि आत देवाचे चित्र असलेले सुटे कार्ड, ज्याला हवे त्याने देव्हाऱ्यात ठेवावे, असा आराखडा मी गेल्या आठवड्यात पाठवला आहे. क्लायंटचे उत्तर अद्याप आलेले नाही. नमस्कार.