हंगामी प्रशिक्षक

मंडळी, आमच्या फोंडा तालुक्यात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक हवंच. गावच्या नाटकात मी बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. एका वर्षी नायकाचं काम करणारा तापानं अंथरुणाला खिळला आणि संध्याकाळी मलाच तोंडाला रंग लावावा लागला. नाटक पार पडलं, कारण माझ्याकडे नुसते त्याचे संवाद नव्हते. कोण कुठं अडखळतो, कुणाला शब्द अर्धा क्षण आधी पुरवावा लागतो, हे सगळं माझ्याकडे होतं. आज आपल्या गोव्याचा फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा याच्याबद्दल बोलायला उभा राहिलो, तेव्हा ती विंगेतली जागा आठवली.

जानेवारी २०२० च्या अखेरीस, इंडियन सुपर लीगचा मोसम चालू असताना, आपल्या एफसी गोवा क्लबनं स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना दूर केलं. संघ गुणतक्त्यात वर होता, साखळीचे तीन सामने उरले होते. सहायक असलेल्या क्लिफर्डकडे संघ आला. हुद्दा होता ‘हंगामी प्रशिक्षक’, म्हणजे दुसरा मिळेपर्यंत तात्पुरता. पुढं काय झालं ते फातोर्ड्यात बसून आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबई सिटीविरुद्ध ५-२ आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-०. तीन सामन्यांत चौदा गोल! लीग विजेत्याची ढाल गोव्यात आली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट पोचलेला पहिला भारतीय क्लब म्हणून गोव्याचं नाव लागलं. उपांत्य फेरीत चेन्नईयिननं त्यांच्या घरी ४-१ असा दणका दिला. परतीच्या सामन्यात आपण ४-२ जिंकलो, पण एकूण गोलांत एकानं कमी पडलो. त्या रात्री स्टेडियमच्या पायऱ्या उतरताना मला हार लागली नव्हती असं म्हणणार नाही. पण चार गोल मारून बाहेर पडलेल्या संघाबद्दल अभिमानही तेवढाच होता.

नव्या मोसमासाठी क्लबनं आणखी एक स्पॅनिश प्रशिक्षक आणला. क्लिफर्ड पुन्हा सहायक.

हा माणूस घडला कुठं, ते सांगायला हवं. जवळजवळ दीड दशक तो धेंपो स्पोर्ट्स क्लबसाठी डाव्या कडेनं खेळला. एवढा काळ एकाच क्लबात! आजच्या मुलांना हे खरं वाटणार नाही, कारण आता करार एक-दोन वर्षांचे असतात. तेव्हा धेंपो, साळगावकर ही नावं खाणीच्या आणि बोटींच्या धंद्यातल्या घराण्यांची होती आणि खेळाडू त्या घरचाच होऊन राहायचा. धेंपोचे प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो. आर्मांदोबाबांच्या हाताखाली धेंपोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं : २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग, मग तिच्या जागी आलेली आय-लीग २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ मध्ये. २००८ साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकात हा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला.

त्या संघाकडे आज पाहताना मला चषकांपेक्षा वेगळीच गोष्ट दिसते. बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, कडेला क्लिफर्ड. हीच मुलं वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी खेळली. शेजारचा कधी धावणार, कधी थांबणार हे न बघता कळायला लागलं की खेळाडू स्वतःच्या जागेपलीकडचं पाहू लागतो. माझ्या मते प्रशिक्षक तिथंच जन्मतो. प्रशिक्षकाच्या परवान्याचे वर्ग नंतर येतात. महेश पुढं भारताच्या तरुण संघांचा प्रशिक्षक झाला, समीरनं धेंपोचीच धुरा घेतली.

पण हंगामीपणाचा शाप आर्मांदोबाबांनाही चुकला नव्हता. २०११ मध्ये भारताचे प्रशिक्षक बॉब हॉटन पद सोडून गेले तेव्हा राष्ट्रीय संघ आर्मांदोबाबांकडे आला, तोही तात्पुरताच. विश्वचषक पात्रतेच्या लढतीत अमिरातीत पंचवीस मिनिटांच्या आत आपले दोन खेळाडू लाल कार्डावर बाहेर! नऊ जणांनी उरलेला सामना खेळून ३-० अशी हार झाली. पाच दिवसांनी दिल्लीत त्याच संघाला २-२ असं रोखलं. काही महिन्यांत ते पायउतार झाले आणि दुसरे गोवेकर सावियो मदेरा आले. त्यांनी डिसेंबर २०११ मध्ये दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक जिंकला. मदेरांनंतर भारताच्या मुख्य संघावर पुन्हा भारतीय मुख्य प्रशिक्षक यायला २०२५ उजाडलं. आर्मांदोबाबांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला खरा, पण मैदानावरचं काम थांबल्यावर बऱ्याच वर्षांनी.

आता २०२३ कडे या. ओडिशा एफसीचे प्रशिक्षक जोसेप गोम्बाउ गेले आणि देशातल्या क्लबांच्या सुपर कप स्पर्धेसाठी पुन्हा हंगामी म्हणून क्लिफर्डला हाक आली. २५ एप्रिलला कोळिकोडमध्ये अंतिम सामना, समोर सुनील छेत्रीची बंगळुरू. दिएगो मॉरिसिओनं दोन गोल केले, ओडिशा २-१ जिंकली. त्या क्लबचा हा पहिलाच मोठा चषक. चारच दिवसांनी गोकुलम केरळला हरवून क्लिफर्डनं ओडिशाला आशियाई स्पर्धेचं दारही उघडून दिलं. आणि पुढच्या मोसमासाठी ओडिशानं कुणाला आणलं? सर्जिओ लोबेरांना. लोबेरा थोर प्रशिक्षक आहेत, गोव्यानं त्यांच्यावर जीव लावलाय, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण चषक हातात घेतलेल्या माणसाला एक पूर्ण मोसम द्यावा असं कुणालाच वाटलं नाही, हे मला अजून खुपतं.

पुढं क्लिफर्ड मोहन बागानमध्ये सहायक झाला. जानेवारी २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक बदलले आणि सुपर कपला बाकावर उभा राहिला तो पुन्हा क्लिफर्डच. या वेळी ईस्ट बंगालनं ३-१ हरवलं. हंगामी माणसाला हार परवडत नाही. मोसम नीट बांधायला मिळालेला प्रशिक्षक पाच सामने हरून सहावा जिंकू शकतो. संघाची तयारी त्याची, खेळाडूंची निवड त्याची. हंगामी माणूस दुसऱ्यानं निवडलेले खेळाडू घेऊन, दुसऱ्यानं आखलेल्या तयारीवर उभा असतो. म्हणून त्या चौदा गोलांचं आणि कोळिकोडच्या चषकाचं मोल मी नेहमीच्या तराजूत करत नाही.

शेवटी २०२५ मध्ये चेन्नईयिननं त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. हंगामी हा शब्द न लावता. ऑक्टोबरमध्ये सुपर कप गोव्यातच भरला आणि चेन्नईयिनच्या गटात ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि धेंपो. एका बाकावर क्लिफर्ड मिरांडा, दुसऱ्यावर समीर नाईक. एकाच संघात इतकी वर्षं खेळलेले दोघं, आपल्याच मातीत, रेषेबाहेर उभे राहून आपापल्या पोरांना ओरडून जागा दाखवत होते.