टोक कुठे आहे?

(दृश्य: उशीचा जुना अभ्रा. म्हातारे हात कड चाचपत आहेत.)

मावशी दहा मिनिटं झाली लेस शिवलेल्या दोऱ्याचं टोक शोधतेय. कात्री बाजूलाच आहे, पण तिला ती हात लावत नाही. "आधी टोक सापडू दे," म्हणते. "कुठूनही कापलं तर लेसची साखळीच तुटायची."

हा अभ्रा तिच्या आईच्या रुखवतातला, म्हणजे माझ्या आजीच्या. मधलं कापड इतकं विरलंय की उजेडाला धरलं तर पलीकडची खिडकी दिसते. कडेची क्रोशाची लेस मात्र शाबूत, जरा पिवळट पडलीय इतकंच. महिन्याभरात घरात बारसं आहे. दोन अभ्र्यांची लेस उसवून ती बाळाच्या नव्या दुपट्याला लागणार आहे.

टोक सापडलं. डाव्या बाजूच्या बरोबर मधोमध, एकावर एक घातलेले तीन बारीक टाके.

(दृश्य: सुईच्या टोकाने टाका उचलला जातो. लेस कापडापासून सुटते.)

बघा, किती सहज सुटतेय. आजीने लेस लावताना पातळ एकेरी दोरा घेतला होता, विणायला वापरलेल्या दोऱ्यापेक्षा कितीतरी कच्चा. आम्हाला ती कंजुषी वाटली. मावशीने समजावलं. लेस कुठे खिळ्याला अडकली, कुणी ओढली, तर काहीतरी तुटणारच. तुटायचं तर शिवणीचा दोरा तुटावा. तो दोन मिनिटांत परत घालता येतो. दोरा दणकट असेल तर तो शाबूत राहतो आणि लेस फाटते, नाहीतर कापड.

लेस अशी एका कापडावरून दुसऱ्यावर जाते ती काही आपल्याच घरात नाही. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या लग्नाच्या पोशाखाला डेव्हन परगण्यात हाताने विणलेली हॉनिटन लेस होती. ती तिने पोशाखावरून उतरवून पुढे आयुष्यभर वापरली. १८९७च्या हीरक महोत्सवासाठी प्रसिद्ध झालेल्या तिच्या छायाचित्रात काळ्या कपड्यांवर तीच लेस आहे. तिच्या घुंगटात तर जोडकामच होतं. फुलं-पानं हाताने विणून मग जाळीवर टाचलेली.

आपल्या जवळचं बघायचं तर आंध्रातलं नरसापूर. तिथे घरोघरी बायका क्रोशाचे तुकडे विणतात. ते एकमेकांना जोडणं हे वेगळं काम, बहुतेक वेळा वेगळ्या बाईचं. त्याला तेलुगूत नावही वेगळं आहे, अतुकुपनी. आपल्याकडे विणणारीचं कौतुक होतं, "किती बारीक खांब घातलेत गं!" म्हणून. (खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका.) जोडणारीकडे कोण बघतं? शिवण दिसली नाही म्हणजे ती चांगली, त्यामुळे तिच्या वाट्याला शाबासकी यायची सोयच नाही.

(दृश्य: पाण्याच्या घमेल्यात लेस. शेजारी दुसऱ्या घमेल्यात नवं कापड.)

सुई हातात घेण्याआधी पाणी. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आजीची लेस मात्र कधीच आटून बसलीय. न धुता जोडलं तर पहिल्या धुण्यानंतर कापड आखडणार आणि लेस लाटांसारखी उभी राहणार. म्हणून दोन्ही भिजवायचं. लेस पिळायची नाही, पंच्यात गुंडाळून दाबायची. मग चटईवर सरळ करून टाचण्या लावायच्या, आणि त्या गंज न धरणाऱ्या हव्यात. गंजाचा डाग पांढऱ्या दोऱ्यातून काढणं महाकर्मकठीण.

कापडावरून दुकानात वाद झाला होता. मला मलमल हवी होती. मावशीने केंब्रिक घेतलं, म्हणजे जरा घट्ट विणीचं सुती कापड. क्रोशाची लेस जड असते, मलमलीला तिचं वजन पेलत नाही आणि कड लोंबते.

(दृश्य: कापडातला एक धागा ओढून काढताना अगदी जवळून.)

हे मला फार आवडलं. कापड सरळ कापायला तिने पट्टी घेतली नाही. कडेचा एक धागा सुईने उचलला आणि हळूहळू ओढून काढला. कापडात बारीक रेघ उमटली. त्या रेघेवर कात्री चालवली की चूक व्हायला जागाच नाही. मग कड दोनदा दुमडून तुरपाई.

आता हिशेब. तयार दुपटं नव्वद सेंटिमीटरचं चौकोनी, म्हणजे कड तीनशे साठ सेंटिमीटर. लेस तीनशे साठच घेतली तर? चारही कोपरे आत ओढले जातील आणि दुपट्याची वाटी होईल. लेस चार सेंटिमीटर रुंद आहे, तेव्हा तिची बाहेरची कड कोपऱ्याला वळसा घालून जाते. तो वळसा दर कोपऱ्याला लेसच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे आठ सेंटिमीटर. चार कोपऱ्यांचे बत्तीस. एकूण लेस तीनशे ब्याण्णव. मावशीने यातलं काहीही कागदावर मांडलं नाही. लेस कोपऱ्याशी दोनदा दुमडून बघितली आणि म्हणाली, "एवढी सैल सोडायची."

ही जास्तीची लेस कोपऱ्यात बसवायची कशी? लेसच्या पायाच्या साखळीतून, म्हणजे कापडाला लागणाऱ्या कडेतून, एक दोरा ओवून अलगद ओढायचा. आतली कड चुण्या घेऊन आखडते, बाहेरची पंख्यासारखी पसरते.

(दृश्य: लेस आणि कापड कडेला कड लावून, डाव्या हाताच्या चिमटीत.)

सुरुवात कोपऱ्यापासून करायची नाही. कोपऱ्यात चुण्या असतात, त्यात जोडही आला तर तिथे गाठोडं होतं. बाजूच्या मध्यावर सुरुवात. दोन्ही सुलट बाजू समोरासमोर, लेस आपल्याकडे. मग कडेवरून तिरपे टाके. सुई साखळीच्या दोऱ्यात घुसता कामा नये, दोऱ्याखालून निघाली पाहिजे. दोऱ्यात घुसली की त्याचे पीळ सुटतात आणि लेस तिथेच कमजोर होते. कापडातले एक-दोन धागेच उचलायचे. दोरा ओढायचा तो बसेल इतका, आवळेल इतका नाही.

मीही हातभर लेस लावून पाहिली. मला वाटलं, छान सरळ आलीय. मावशीने ती टेबलावर ठेवली तर सगळी कड आखडलेली. शिवताना मी नकळत लेस ताणत होते. तिने न बोलता उसवली.

मशीनवर का नाही, हे विचारणारे असतातच. क्रोशाची भोकं मशीनच्या पायात अडकतात, आणि खालचे दाते कापड पुढे ढकलतात तेव्हा लेस मागे राहते. सवयीच्या हाताला जमतंही. पण ती शिवण पुढे उसवायला बसा म्हणजे कळेल.

सेंटिमीटरला तीन टाके धरले तरी सगळ्या कडेचे अकराशे-बाराशे होतात. मावशीला चार दुपारी लागल्या, मधे एक दिवस डोळे दुखले म्हणून सुट्टी.

(दृश्य: दुपटं उलटं घालून, खाली जाड टॉवेल. इस्त्री.)

इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेल, म्हणजे खांब चपटे होत नाहीत. खळ नाही. टेबलक्लॉथ असता तर साबुदाण्याची खळ घातली असती. हे तर बाळ तोंडात घालणार. शिवाय लेसच्या भोकात त्याची बोटंही अडकायची. त्यामुळे हे दुपटं बारशाच्या दिवसापुरतं, पाळण्यात घालण्याआधी मिरवायला. रोजच्या वापराला साधी चार शिवलीत, ती वेगळीच.

(दृश्य: शेवटचे टाके. आवाज फक्त पंख्याचा.)

दोन अभ्र्यांची मिळून पाच मीटरच्या वर लेस निघाली होती. उरलेला सव्वा मीटर तिने पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवला. मग दुपटं फिरवून डावी बाजू समोर घेतली, मधोमध आली, आणि एकावर एक तीन बारीक टाके घातले.