उभा राहणारा ट्रॅक्टर

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

नांगराचा फाळ मुळीत अडकला की बैल थांबतो. कितीही हाकला, तो पुढं रेटत नाही. सुरुवातीच्या ट्रॅक्टरना हे थांबणं ठाऊक नव्हतं, आणि त्यात माणसं गेली.

फोर्डसन ट्रॅक्टर 1917 साली अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर निघू लागला. हेन्री फोर्ड यांनी 1922 मध्ये त्याची किंमत 395 डॉलरपर्यंत खाली आणली, म्हणून तो लहान शेतकऱ्याच्याही दारात आला. सुरू पेट्रोलवर करायचा, तापला की रॉकेलवर घ्यायचा. सुरू करायचं हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. पण खरा धोका मागच्या बाजूला होता. नांगर मागे नुसता ओढत न्यायचा. फाळ खडकाला अडला आणि चाकं जखडली की इंजिनाचा जोर जाणार कुठं? चाक फिरत नाही, म्हणून ट्रॅक्टरचं धूडच चाकाभोवती फिरायचं. पुढची चाकं उचलायची, ट्रॅक्टर उभा राहायचा आणि मागं, चालकावर, कोसळायचा. जेमतेम दीड सेकंदाचा खेळ. क्लचवर पाय जाईपर्यंत सगळं संपलेलं.

यावर तोड काढली हॅरी फर्ग्युसन यांनी. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून सविस्तर सांगतो. फर्ग्युसन आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा. 1909 साली स्वतः बांधलेलं विमान उडवणारा. पहिल्या महायुद्धात सरकारनं त्यांना गावोगावचे ट्रॅक्टर कसे चालतात ते बघायला पाठवलं. तिथं त्यांच्या मनानं घेतलं, की ट्रॅक्टर आणि नांगर वेगळे ठेवायचेच नाहीत, दोघांचं मिळून एकच यंत्र करायचं. जोडायला खाली दोन दांडे, वर एक. पुढं कित्येक वर्षं ते याच्याच मागे होते.

1938 च्या ऑक्टोबरमध्ये ते आपला ट्रॅक्टर घेऊन फोर्ड यांच्या डिअरबॉर्नच्या घरी गेले. तिथल्या रानात फोर्डसन आणि आणखी एका कंपनीचा ट्रॅक्टर यांच्याबरोबर नांगरणी झाली, आणि फर्ग्युसन यांचा ट्रॅक्टर सरस ठरला. मग घरातून टेबल-खुर्च्या बाहेर आणवल्या. फर्ग्युसन यांनी चावीवर चालणारा खेळण्याएवढा ट्रॅक्टर टेबलावर ठेवला आणि समजावलं: नांगर अडला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढं रेटतो, पुढची चाकं उचलण्याऐवजी जमिनीला दाबली जातात. फोर्ड तेव्हा पंचाहत्तरीचे. त्यांनी हक्क विकत मागितले. फर्ग्युसन म्हणाले, विकायचे नाहीत. शेवटी दोघांनी हातावर हात दिला आणि भागीदारी ठरली. कागद नाही, सही नाही. पुढच्याच वर्षी तो ट्रॅक्टर बाजारात आला.

हातावर हात देणं ऐकायला छान वाटतं. पण फोर्ड यांच्या नातवानं तो शब्द पाळला नाही, कोर्टकचेरी झाली आणि 1952 मध्ये 92 लाख 50 हजार डॉलरवर मिटलं. मी तर म्हणतो, सख्ख्या भावाशी बांधाचा व्यवहार असला तरी कागद करा. प्रेम कमी होत नाही, उलट टिकतं.

असो. ते तीन दांडे आज तुमच्याही ट्रॅक्टरला आहेत. वरच्याला आपण टॉप लिंक म्हणतो. त्याला नांगर जोडा, रोटाव्हेटर जोडा, पण ओढायची साखळी कधीही बांधू नका. ओढ अ‍ॅक्सलच्या वर गेली की शंभर वर्षांपूर्वीचा धोका जसाच्या तसा परत येतो. उसाच्या ट्रॉल्या ओढताना पुढची चाकं उचललेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढण्यासाठी असलेल्या दांड्यालाच. पुन्हा सांगतो, खालच्या ड्रॉबारलाच.

आणि चाक चिखलात रुतलं, तर चाकाला ओंडका बांधून पुढं काढायला जाऊ नका. ओंडका अडतो, चाक जखडतं आणि ट्रॅक्टर उभा राहतो. चिखल उकरा, हळूच रिव्हर्समध्ये निघतो का बघा. नाहीच निघाला तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवा, आणि ओढताना पोरंसोरं मडगार्डवरून खाली उतरवून लांब उभी करा.