आरशातला माणूस विकणे आहे

लघु माहितीपटाचे निवेदन

[दृश्य : टेबलावर काळा पुठ्ठा. कात्री चालते.]

हा साधा काळा पुठ्ठा. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, मुलं शाळेच्या प्रोजेक्टसाठी नेतात तोच. बरोबर मधोमध कापायचा. एक तुकडा लेन्सच्या उजव्या अर्ध्यासाठी, दुसरा डाव्या. मूकपटांच्या काळात एकाच माणसाला पडद्यावर दोनदा उभं करायचं, तर एवढं सामान पुरायचं. हे, एक कॅमेरा आणि अजिबात न हलणारा ट्रायपॉड.

[दृश्य : गल्ली, सकाळ. शेव-उसळीच्या गाडीवर गर्दी. लाकडी जिना.]

बडोदं, दांडिया बाजार. वाड्याच्या माडीवर चार-पाच जणांचा एक गट मूकपट करतोय. मोबाइलवर नाही, 16 मिलिमीटरच्या रिळावर. दिवसा कुणी नोकरी करतं, कुणी शिकतं. गोष्ट त्यांची स्वतःची नाही, ती युरोपात चारशे वर्षांहून जास्त काळ फिरते आहे. गरजू माणूस, समोर एक सभ्य गृहस्थ आणि मध्ये कागद. कागदावर सही झाली की हवं ते मिळतं. बदल्यात काय द्यायचं, ते प्रत्येक पिढीने वेगळं लिहिलं.

[दृश्य : जुनी लाकडी ठशाची चित्रं. पुस्तकाचं मुखपृष्ठ.]

1587 साली फ्रँकफुर्टमध्ये योहान श्पीस या मुद्रकाने सैतानाशी करार करणाऱ्या डॉक्टर फाऊस्टची कहाणी छापली. त्यात मोबदला आत्म्याचा, मुदत 24 वर्षांची आणि सही रक्ताची. पुढे इंग्रज नाटककार मार्लोने तिचं नाटक केलं. मग जर्मन कवी गटे आला. त्याच्या पद्यनाटकाचा पहिला भाग 1808 मध्ये आणि दुसरा त्याच्या मृत्यूनंतर, 1832 मध्ये प्रसिद्ध झाला. 1814 मध्ये शामिसो या लेखकाच्या गोष्टीतल्या पेटर श्लेमीलने एका करड्या कोटातल्या माणसाला आपली सावली विकली. मोबदला होता कधी रिकामी न होणारी थैली. बाकी तो धडधाकट राहतो, पण उन्हात उभा राहिला की लोक बोटं दाखवतात.

सिनेमावाल्यांना हीच वाट सोयीची होती. आत्मा कॅमेऱ्यात येत नाही. सावली येते. प्रतिबिंब तर झकास येतं.

[दृश्य : 1913 च्या चित्रपटातली स्थिरचित्रं.]

1913. जर्मनीत ‘प्रागचा विद्यार्थी’ नावाचा चित्रपट निघाला. लेखक हान्स हाइन्झ एव्हर्स, दिग्दर्शक स्टेलान रिये. बाल्डुइन हा प्रागमधला उत्तम तलवारबाज, पण खिसा फाटका. नट पॉल व्हेगेनर तेव्हा अडतीस वर्षांचा, आणि विद्यार्थी म्हणून ते चेहऱ्यावर दिसतं. स्कॅपिनेली नावाचा म्हातारा त्याच्यासमोर सोन्याची रास ओततो आणि मागतो काय, तर या खोलीतली मला हवी ती एक वस्तू. बाल्डुइन खोलीभर नजर फिरवतो. खाट, टेबल, तलवार, आरसा. हसत हसत सही करतो. म्हातारा आरशाकडे बोट दाखवतो, आणि आतला बाल्डुइन चौकट ओलांडून त्याच्या मागोमाग दारातून निघून जातो.

आमचं मत विचाराल, तर फाऊस्टपेक्षा हा सौदा जास्त अंगावर येतो. फाऊस्टला आपण काय विकतोय हे माहीत असतं. बाल्डुइनला वाटतं, आपल्या खोलीत विकण्यासारखं आहेच काय!

[दृश्य : वाड्याची माडी. पुरुषभर उंचीचा आरसा. कॅमेरा हळूहळू चौकटीवरून खाली.]

आरसा वाड्याच्या मालकीण आजींचा. सागवानी चौकट, वर कोरलेली वेल. खालच्या उजव्या कोपऱ्यात पारा उडालाय, तिथे काच तपकिरी दिसते. कडेला एक टिकली चिकटलेली आहे, मरून रंगाची, वाळून चिमटलेली. गटातली मुलगी ती नखाने काढायला गेली, तर आजी म्हणाल्या, “राहू दे गं ती.” कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

[आजींचा आवाज : “आरसा न्या खुशाल. पण दिवेलागणीनंतर त्यात बघत बसू नका.” मागून कुणीतरी : “का हो आजी?” “का ते मला काय ठाऊक? आमच्या सासूबाई सांगायच्या.”]

[दृश्य : चौघं मिळून काच उतरवतात. गोधडी. दोरी.]

पहिलं काम काच काढायचं. खिळे एकेक करून सुटतात. काच गोधडीत गुंडाळून भिंतीला टेकवली आहे आणि सगळे तिच्यापासून पाय वाचवत चालताहेत. आता चौकट रिकामी, मागे दार. इथून प्रतिबिंब बाहेर येणार. प्रतिबिंब नसलेला आरसा दाखवायला तर त्याहून कमी लागतं. रिकाम्या चौकटीमागे खोलीच्या भिंतीसारखाच रंगवलेला फळा उभा करायचा, की नट समोर उभा राहिला तरी आत कुणी नाही.

[दृश्य : जमिनीवर खडूची रेघ. खिडक्यांवर चादरी. दिवे.]

खडूची ही रेघ म्हणजे सरहद्द. लेन्सवरचे दोन पुठ्ठे पडद्यावर जिथे भेटतील, ती जागा. नटाचा हात, बाही, सावलीसुद्धा पलीकडे गेली की कापली जाणार. म्हणून शक्यतो ती रेघ खांबावर किंवा कपाटाच्या कडेवर घ्यायची. डोळा तिथे उभी रेघ असणार हे आधीच धरून चालतो. पुठ्ठा लेन्सच्या अगदी तोंडाशी असल्याने त्याची कड धूसर येते, दोन अर्धी एकमेकांत मिसळतात. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, लहान केलं की ती कड रेखीव होते, मोठं केलं की पसरते. हे गणित संगणकावर करायला काहीच लागत नाही. इथे ते बोटांनी करतात, आणि चुकलं तर कळतं थेट फिल्म धुतल्यावर.

खिडकीतलं ऊन दोन्ही खेपांना सारखं राहणार नाही, म्हणून चादरी लावून ते बाहेरच ठेवलंय. माडीची जमीन लाकडी आहे. गल्लीतून टेम्पो गेला की ती थरथरते. खाली एक मुलगा उभा केलाय. टेम्पो अडवायला नव्हे, नुसतं ओरडून सांगायला.

[खालून आवाज : “थांबा! … हां, गेला!”]

[दृश्य : चावीवर हात. कॅमेऱ्याचा किर्र आवाज. पूर्ण खेप, न कापता.]

लेन्सच्या उजव्या अर्ध्यावर पुठ्ठा. नट डावीकडे टेबलाशी. मुलगी मोठ्याने आकडे म्हणते. एक, तो नाणी मोजतोय. चार, थैलीचं तोंड आवळतो. सात, मान वर करून उजवीकडे बघतो. तिथे कुणीही नाही, रिकामी चौकट आहे. अकरा, खुर्ची मागे सरकवून उभा राहतो. अठरा. थांब.

लेन्सला झाकण. आता फिल्म उलटी फिरवायची. स्प्रिंग सोडवायची, हँडल बसवायचं आणि काउंटर पुन्हा पहिल्या फ्रेमवर येईपर्यंत फिरवत राहायचं. ट्रायपॉडला कुणी धक्का लावायचा नाही. मग डावीकडे पुठ्ठा. तोच नट, तेच कपडे, पण आता चौकटीमागे. पुन्हा एक. पुन्हा चार. सातला तो चौकटीतून टेबलाकडे बघतो, जिथे मघाशी तो स्वतः बसला होता. अकरा, पाय बाहेर.

फिल्मच्या त्याच तुकड्यावर आता दोघं आहेत. 1913 मध्ये बर्लिनचा छायाचित्रकार गिडो झेबर याच्याकडेही हीच युक्ती होती. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस त्याच्याही आधीपासून अशा करामती करत होता. तो मुळात जादूगार. फाऊस्टची गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा चित्रित केली आणि सैतानाची भूमिका बऱ्याचदा स्वतःच केली.

[दृश्य : कलाभवनची इमारत. आवारात विद्यार्थी, सायकली.]

आणि आपल्याकडचा जादूगार या गावात शिकला. धुंडिराज गोविंद फाळके. हे कलाभवन. आज इथे इंजिनिअरिंगची मुलं असतात. फाळक्यांनी इथे चित्रकला आणि छायाचित्रणाचे धडे घेतले. पुढे ते प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोगही करायचे. आडनाव उलटं केलं, झालं.

गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. ते बडोद्याला परतले, पुन्हा फोटोचा धंदा मांडला आणि तो बसला. कारण गावात बोलवा होती की कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढलेला माणूस लवकर मरतो. फाळक्यांच्या चरित्रात असंही सांगितलं जातं की दरबारातल्या एका राजपुत्रानेही आयुष्य घटेल म्हणून फोटोला नकार दिला होता. फाळक्यांनी त्याचं मन वळवलं, पण गिऱ्हाईक काही आलं नाही. मग ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायला लागले.

[दृश्य : रंगवलेला जंगलाचा पडदा, सुरकुत्यांसह. त्यासमोर नट.]

त्या बडोदेकरांना हसायचं काही कारण नाही. त्यांची भीती आणि एव्हर्सची पटकथा एकच गोष्ट सांगतात. तुझी छबी तुझ्यापासून सुटी करता येते, ती दुसऱ्याच्या हाती जाते, आणि मग ती काय करेल त्यावर तुझा ताबा नाही. गटेच्या फाऊस्टने तर पैजच तशी लावली होती. सरत्या क्षणाला मी थांब म्हणालो, तर मी तुझा. फोटोग्राफर दिवसभर दुसरं काय करतो?

[दृश्य : ‘राजा हरिश्चंद्र’मधली स्थिरचित्रं.]

आता तारखा बघा. 3 मे 1913, गिरगावातलं कोरोनेशन थिएटर, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बर्लिनमध्ये बाल्डुइन. दोन्हीकडे गोष्ट एका करारावर उभी. फाळक्यांनी त्याआधी विलायतेला जायला विम्याच्या पॉलिसीवर कर्ज उचललं होतं. आयुष्य गहाण टाकायचा इतका रीतसर मार्ग फाऊस्टलाही सुचला नव्हता.

हरिश्चंद्राच्या करारात सैतान नाही. समोर ऋषी आहे, आणि तो पुराणातल्या कोणत्याही सावकाराइतकाच चिवट आहे. राज्य जातं. दक्षिणेसाठी काशीच्या बाजारात बायको आणि मूल विकली जातात, शेवटी राजा स्वतः. त्याला प्रत्येक वस्तूची किंमत ठाऊक आहे आणि तो ती मोजतो. बाल्डुइन फुकटात मिळालं म्हणून खूश आहे. आपल्या कहाण्यांत वर मागणारे पुष्कळ आणि फसणारेही पुष्कळ, भस्मासुराचं तर सगळ्यांना पाठ आहे. पण वर देणारा तिथे देव असतो. घाबरायचं ते मागणाऱ्याच्या डोक्याला.

म्हणून या गटापुढे प्रश्न आला की आपला स्कॅपिनेली दिसणार कसा? शिंगं नकोत, हे पहिल्या बैठकीतच ठरलं. उंच टोपी घातली तर लग्नातला जादूगार वाटेल.

[दृश्य : गृहस्थ. काळी टोपी, लांब कोट, काखेत छत्री. खिशातून घडी केलेला कागद काढतो.]

हा त्यांचा सैतान. कोर्टाच्या आवारात असे शंभर भेटतील. हातात स्टॅम्प पेपर. गुजरातमध्ये आता छापील स्टॅम्प पेपर विकत मिळत नाही, हा कुणाच्या तरी घरी जुन्या फायलीत कोरा राहिलेला निघाला. मजकूर गटातल्या एकाने वकिली भाषेत लिहिलाय, “लिहून घेणार” आणि “लिहून देणार” वगैरे. पडद्यावर तो चार सेकंदही दिसत नाही, तरी पूर्ण लिहिलाय.

सही रक्ताची हवी का, यावर मात्र वाद झाला. एकाचं म्हणणं, रक्ताशिवाय सैतान कसला? कॅमेऱ्यामागच्या मुलाने वाद मिटवला. 1913 च्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, रक्त काळं यायचं. आजच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर ते करडं येतं. त्यामुळे रक्त आणि शाई यांत प्रेक्षकाला फरक कळणार नाही. शेवटी शाई घेतली. ती स्वस्तही पडली.

[दृश्य : न्हाणीघर. लाल दिवाही नाही, काळोख. पाण्याचा आवाज. मग उजेड, दोरीवर लटकणारी फिल्म.]

फिल्म घरीच धुतली. डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी. कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमटे लावून फिल्म टांगली.

[दृश्य : भिंगातून फिल्मची एक फ्रेम. दोन माणसं, एकच चेहरा. बघणाऱ्यांचे चेहरे, लांबून.]

[येथे निवेदन नाही.]

बाल्डुइनचं पुढे काय होतं, तेही सांगून टाकू. प्रतिबिंब त्याच्या नावाने द्वंद्वात माणूस मारतं, प्रेयसी दुरावते, तो प्रतिबिंबावर गोळी झाडतो आणि मरतो स्वतः. स्कॅपिनेली येऊन कराराचे तुकडे त्याच्या अंगावर टाकतो. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झालं, आणि दिग्दर्शक रिये त्यात युद्धकैदी असताना मरण पावला. 1926 मध्ये जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊने फाऊस्टवर चित्रपट केला. त्यात सैतानाचा झगा एका अख्ख्या गावावर पसरतो आणि त्याखाली प्लेग उतरतो, आणि फाऊस्ट सही करतो ती त्या रोग्यांना वाचवायला.

फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये, 1917 साली, अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. एक माणूस दोनदा. प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटलं नाही, तिकिटाला रांगा लागल्या.

[दृश्य : काच पुन्हा चौकटीत. आजी पदराने पुसतात.]

काच जागेवर बसली. आजींना आरसा गौरींच्या आत हवा होता, तो मिळाला.

आता ती फिल्म. आवाज नाही, पाट्या मराठीत आहेत, वेग सेकंदाला 16 फ्रेम. मोबाइल आडवा धरा. डावीकडच्या माणसाने मान वर केली की उजवीकडच्याच्या पायाकडे लक्ष ठेवा.

[दृश्य : पूर्ण मूकपट.]